नवशिक्यासाठी अकरा पुस्तकं

सर : खाली नको, टेबलावर ठेव. तिकडे नाही, खिडकीजवळच्या. ताईची कापडं-कात्र्या सरकव जरा. किती आणलीस?

चिठ्ठी : अकरा. जिन्यात दोनदा थांबले. पाच महिन्यांनी येतेय सर, आणि ‘ये, बस’ म्हणायच्या आधी ‘किती आणलीस’?

सर : ये, बस. झालं? आता दाखव.

चिठ्ठी : आधी तुम्ही बसा. ऑपरेशन तुमचं झालंय.

सर : डोक्याचं झालंय, पायांचं नाही. बसून बसून जीव विटलाय माझा. तू बोल, मी फिरतो.

चिठ्ठी : बरं. फोनवर म्हणालात, नातीला हवीत. ताईंच्या?

सर : ताईच्या मुलीची मुलगी. गेम थिअरी शिकायची म्हणते. आधी काय वाचायचं, मग काय, त्याच्यापुढे काय, अशी रांग लावून दे. सोप्यापासून अवघडापर्यंत.

चिठ्ठी : पण घरात तुमचंच पुस्तक असताना माझ्या अकरांचं काय काम? आपल्याकडे दोन पिढ्या शिकल्या त्यावर.

सर : ते अवघड आहे.

चिठ्ठी : काय म्हणालात?

सर : अवघड आहे म्हटलं. नवशिक्याला.

चिठ्ठी : थांबा, मी खाली बसते. सर, हे वाक्य ऐकायला मी पंधरा वर्षं थांबलेय. मला दुसऱ्या प्रकरणातलं काही कळत नव्हतं, वर्गात विचारायची हिंमत नव्हती, म्हणून टेबलावर चिठ्ठ्या ठेवायचे. तेव्हा काय म्हणाला होतात? ‘पुस्तक अवघड नाही, वाचणारा उतावळा आहे.’ आणि नाव पडलं ते पडलंच. आजही शिपाई मला चिठ्ठी मॅडम म्हणतात.

सर : तू उतावळी होतीसच. रांग लाव.

चिठ्ठी : किती गणित येतं तिला?

सर : समज, काहीच नाही.

चिठ्ठी : काहीच म्हणजे? बीजगणित?

सर : नाही.

चिठ्ठी : बेरीज-वजाबाकी तरी?

सर : येते. बहुतेक.

चिठ्ठी : बहुतेक?

सर : तू पुस्तकं लाव ना. उलटतपासणी कसली घेतेस?

चिठ्ठी : बरं बाबा. हा पहिला गठ्ठा. तीन आहेत. गोष्टीतून सांगणारी, एकही समीकरण नाही. त्यातलं हे बारकं मला सगळ्यात आवडतं. ओळखलंत? दहा वर्षांपूर्वी विभागात तासावर शिकवायला आले तेव्हा मी ते अभ्यासक्रमाच्या यादीत घातलं होतं, आणि तुम्ही लाल पेनानं खोडून समासात लिहिलंत, ‘बालवाङ्मय’.

सर : आठवतं.

चिठ्ठी : याच बालवाङ्मयावर मी तुमच्या परीक्षेत पहिली आले होते. चोरून वाचलं होतं, तुमच्या पुस्तकाच्या आत लपवून. हे कधी सांगितलं नव्हतं तुम्हाला.

सर : काय आहे त्यात एवढं? वाच जरा कुठलंही पान.

चिठ्ठी : हे बघा, पान बारा... नाही, मी सांगतेच. एका गल्लीत दोन बेकऱ्या, समोरासमोर. भट्टी पहाटे चारला पेटवायची की सहाला? दोघांनी सहाला पेटवली तर दोघांची झोप होते आणि गिऱ्हाईक निम्मं निम्मं.

सर : आणि एकानं चारला पेटवली तर सगळी गल्ली त्याच्या दारात. म्हणून दुसराही चारला उठतो. शेवटी दोघंही चारला उठतात, गिऱ्हाईक पुन्हा निम्मंच, आणि झोप मात्र दोघांची गेली. एकटा कोणी उशिरा उठायला गेला तर मेला. म्हणून कोणी उठत नाही, म्हणजे उशिरा उठत नाही. समतोल तोच. दोघांना जाचणारा आणि तरी न सुटणारा. पुढे त्यानं विचारलंय का, की ते दोघं शेजारी आहेत, रोज एकमेकांची तोंडं बघतात, तर दहा वर्षांत काय होईल?

चिठ्ठी : सातव्या प्रकरणात विचारलंय. तुम्ही अगदी होतात तसेच आहात. मला उगाच धाकधूक होती.

सर : कसली धाकधूक?

चिठ्ठी : काही नाही. हा दुसरा गठ्ठा, पाच पुस्तकं. इथे गोष्टी आहेत, पण मागून अक्षरं येतात. अक्षराच्या पायाशी बारका आकडा, डोक्यावर चांदणी. निवडताना एकच बघायचं, मागे उत्तरं दिलीत का. एकट्यानं शिकणाऱ्याला उत्तरं हवीतच, नाहीतर चूक महिनाभर अंगावर वागवत बसतो माणूस. आणि एका वेळी एकच पुस्तक. दोन घेतली की घोटाळा. एकात तक्त्याच्या आडव्या ओळीचा खेळाडू पहिला, दुसऱ्यात उभ्या. चिन्हंही सगळी वेगळी.

सर : सगळी?

चिठ्ठी : जवळजवळ. का?

सर : काही नाही. तिला... जड जाईल. तिसरा गठ्ठा?

चिठ्ठी : तो तुमच्या जातकुळीतला. सिद्धता, सिद्धता आणि सिद्धता. खेळाडूला नाव नाही, गाव नाही, नुसतं एक अक्षर. सर, खिडकी तिसऱ्यांदा उघडलीत. गार वारा येतोय.

सर : कोंडल्यासारखं होतं. मला सांग, पहिल्यावरून दुसऱ्या गठ्ठ्यावर जायला किती दिवस लागतील? एक आठवडा?

चिठ्ठी : गणित न येणाऱ्या मुलीला? वर्ष धरा.

सर : वर्ष नाही तिच्याकडे.

चिठ्ठी : घाई काय आहे एवढी? बरं, ते असू दे. तुमचं पुस्तक पण आणलंय मी, प्रकाशकांना नवी आवृत्ती काढायचीये. पान एकशे सत्तेचाळीसवर मुलांनी चूक काढली. या तक्त्यात खालच्या ओळीतलं दुसरं घर बघा. छापताना अदलाबदल झाली, की मुलंच चुकताहेत?

सर : मग बघू.

चिठ्ठी : दोन मिनिटांचं काम आहे. हे घर.

सर : चष्मा आत राहिला.

चिठ्ठी : सर, चष्मा डोळ्यांवर आहे.

सर : हा लांबचा.

ताई : कॉफी घ्या गं. गार व्हायच्या आत घे, पोरी. माझ्या मशीनच्या आवाजात तू आल्याचं कळलंच नाही. गणवेशांची ऑर्डर आहे, शाळा उघडायला चार दिवस, आणि अजून साठ कॉलर लावायच्यात. ही एवढी पुस्तकं कुणाला?

चिठ्ठी : तुमच्या नातीला, ताई.

ताई : माझ्या नातीला? ती सहा वर्षांची आहे. परवाच पुढचे दोन दात पडले तिचे.

सर : ताई, तू तुझ्या कॉलरी लाव.

ताई : लावते. आधी हे काय चाललंय ते कळू दे. अजून सांगितलं नाहीस तू हिला?

चिठ्ठी : काय सांगितलं नाही?

सर : काही नाही.

ताई : मी सांगू की तू सांगतोस?

सर : मला वाचता येत नाही.

चिठ्ठी : म्हणजे?

सर : म्हणजे वाचता येत नाही. मथळे, पत्ता, औषधाचं नाव कसंतरी लागतं. आकडा दिसतो. सात दिसला तर सात आहे हे कळतं. पण शेजारी चार असला की कुठला कुणाचा ते सुटतं हातातून. आणि तक्ता... तक्त्याकडे बघितलं की एखाद्या अनोळखी गावात रात्री उतरल्यासारखं होतं. घरं आहेत, रस्ते आहेत, जायचं कुठे तेच कळत नाही. बोललेलं सगळं समजतं. बोलताही येतं, बघितलंस तू. कागदावर आलं की गेलं.

चिठ्ठी : डॉक्टर काय म्हणतात?

ताई : म्हणतात, येईल, नाहीही येणार, सराव करा. हा करतो सराव. रोज सकाळी दार लावून बसतो. मला वाटायचं, स्वतःचं पुस्तक वाचतोय. झाडायला गेले तर गादीखाली दुसरीचं गणिताचं पुस्तक. बदकं मोजायची. पेन्सिलीनं केलेली आणि खोडलेली.

सर : ताई!

ताई : काय ताई? चोरी केलीस का कुणाची? फिरणं थांबव आधी, गरगरायला लागलंय मला.

चिठ्ठी : आणि सोमवारपासून वर्ग घेणार म्हणून विभागप्रमुखांना कळवलंत?

सर : कळवलं. सगळं तोंडपाठ आहे माझं. तीस वर्षं शिकवलंय. मला फक्त एवढंच बघायचं होतं, की खालच्या पातळीचं एखादं पुस्तक घेऊन, त्याची चित्रं लक्षात ठेवून, पहिले काही आठवडे निभावता येतील का. तोवर वाचणं परत येईल.

चिठ्ठी : आणि मला खरं सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी परकी आहे का?

सर : तूच सांग. त्या चुकलेल्या घराचं काय गं? मुलांनी चूक खरंच काढली का? मीच लिहिलेलं पुस्तक आहे ते. वाचता येत नसलं तरी एकशे सत्तेचाळीस पानावर तक्ता नाही, हे मला आत्ता आठवलं. तिथे सिद्धता आहे. भलतंच पान उघडून दाखवलंस. तू मला तपासायला आलीस.

चिठ्ठी : हो.

ताई : अगं बाई.

चिठ्ठी : मला पाठवलंय, ताई. विभागप्रमुख म्हणाले, सर फोनवर ठणठणीत बोलतात, पण एकदाही एखादा कागद भरून पाठवलेला नाही. तू त्यांची विद्यार्थिनी, जाऊन भेट, आणि उद्या सकाळी मला दोन ओळी लिहून दे. वर्ग घेऊ शकतात की नाही. मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात तुमचाच फोन आला, पुस्तकं घेऊन ये म्हणून.

सर : मग लिही दोन ओळी. तुझं तर भलंच आहे.

चिठ्ठी : भलं?

सर : मी आलो की तुझं कंत्राट संपतं. मी नाही आलो तर माझी जागा तुझी. म्हणूनच तुला सांगितलं नाही. झालं? ऐकायचंच होतं ना. विश्वास नव्हता माझा.

ताई : लाज वाटू दे रे जरा. दवाखान्याच्या बाकावर रात्रभर ही पोर बसली होती माझ्याबरोबर.

चिठ्ठी : राहू दे ताई. बरोबर आहे त्यांचं. सर, दोन रात्री माझ्या डोक्यात तेच चाललंय. कागद घेते आणि ठेवते. ‘नाही’ लिहिलं तर सगळे म्हणतील, खुर्चीसाठी लिहिलं. आणि ते पूर्ण खोटंही नसेल. मला ती खुर्ची हवीच आहे. पाच महिने त्या वर्गात उभी राहतेय मी, पोरं ऐकतात माझं. सकाळी उठल्यावर पहिला विचार येतो, सर बरे होवोत. आणि दुसरा विचार येतो, इतक्यात नकोत. सांगितलं. आता हाकला मला.

सर : बस खाली.

चिठ्ठी : तुम्ही बसा.

सर : हे बघ, बसलो.

चिठ्ठी : मी ‘ठीक आहेत’ असं लिहून देते. सहा महिने. माझं कंत्राट मदतनीस म्हणून वाढवून मागू. तुम्ही बोला, फळ्यावर मी लिहीन. पेपर मी तपासेन. पोरांना वाटेल, सर थकलेत म्हणून चिठ्ठी मॅडम लिहिताहेत. कुणाला कळणार नाही.

सर : कळणार नाही?

चिठ्ठी : नाही. बेकऱ्यांचं सांगितलंत ना आत्ता, तसंच सांगायचं. तुमच्यासारखं कुणाला सांगता येतं?

सर : फळ्यावर तू लिहिशील... आणि मी तिकडे पाठ करून उभा राहीन. हे जमेल. ताई, जमेल हे.

ताई : आणि एखाद्या पोरानं उठून विचारलं, सर, दुसऱ्या ओळीत तुम्ही हे असं का लिहिलं? तर मागे वळून बघशील ना? माणूस वळतोच. तेव्हा काय?

सर : तू ना, उसवण्यात पटाईत.

ताई : चुकीची शिवण आहे, उसवावीच लागते. अंगावर घातल्यावर फाटण्यापेक्षा बरं. मला तुमचा तो खेळ कळत नाही. पण पोरं ते वह्यांत उतरवून घेणार रे. तू सांगशील एक आणि फळा सांगेल दुसरं, तर त्यांनी कुणाचं खरं धरायचं?

सर : मग घ्या परीक्षा. घे गं. काढ तक्ता. ताईचा तो तपकिरी कागद घे, मोठ्ठा काढ. खडू घे तिचा.

ताई : कागद बेतायचा आहे माझा. घे, उलट्या बाजूला काढ.

चिठ्ठी : सर, आज नको. तुम्ही दमलात.

सर : सोमवारी वर्गात दमलो म्हणणार आहे का? काढ. दोन बेकऱ्या. चार घरं. आकडे घाल.

चिठ्ठी : डावीकडे तुमची बेकरी, वरच्या बाजूला ताईंची. प्रत्येक घरात पहिला आकडा तुमचा, दुसरा त्यांचा. दोघं सहाला उठलात तर हे पहिलं घर. काय लिहिलंय?

सर : पाच. आणि पाच.

चिठ्ठी : बरोबर.

ताई : आलं की रे!

सर : थांब. पुढचं. मी सहाला, ताई चारला. म्हणजे... वरची ओळ, उजवीकडे. इथे एक आहे आणि सात आहे. सात माझे. नाही, सात ताईचे. ती लवकर उठली. अक्कल सांगतेय सात तिचे, आणि कागद सांगतोय... कागद काय सांगतोय? पहिला आकडा कुणाचा म्हणालीस?

चिठ्ठी : तुमचा.

सर : मग पहिला एक. एक माझा. बरोबर. आता खाली. मी चारला, ती सहाला. इथेही सात आणि एक. की हेच मघाचं घर आहे? हे बघितलं का मी आधी? चिठ्ठी, हे बघितलं का आपण?

चिठ्ठी : नाही सर. हे दुसरं आहे.

सर : सारखंच दिसतंय. पुसून टाक. टाक पुसून!

ताई : कागद फाडू नकोस. दे इकडे. बस. पाणी पी.

सर : चार घरं, ताई. चारच. मी पोरांना अनंत घरांचे खेळ शिकवत होतो.

ताई : माहितीये.

सर : तुला काय माहितीये?

ताई : हे माहितीये, की मघापासून तू पहिल्यांदा नीट बसलायस.

चिठ्ठी : सर, मी उद्या सकाळी काहीच लिहून देत नाही. सांगते, भेट झाली नाही.

सर : फोन दे माझा. लावून दे नंबर, मला सापडत नाही यादीत.

चिठ्ठी : कुणाला?

सर : लाव म्हणतो ना. विभागप्रमुखांना.

(चिठ्ठी नंबर लावून फोन सरांच्या हातात देते.)

सर : हं, मी बोलतोय. नाही, तब्येत ठीक. म्हणजे, तेच सांगायला फोन केला. सोमवारी मी येत नाहीये. ...नाही, ताप-बिप नाही. मला वाचता येत नाही. ...हो, बरोबर ऐकलंत. डॉक्टरांचा कागद आहे, मीच दाबून ठेवला होता, उद्या पाठवतो. ...किती दिवस ते त्यांनाही माहीत नाही. ...वर्ग? वर्ग तीच घेईल, घेतेच आहे पाच महिने. ...नाही, ती इथेच बसलीये, पण हे ती बोलायला सांगत नाहीये, उलट मला थांबवत होती. ...माझी शिफारस? देतो की. लेखी नाही देता येणार हो सध्या, तोंडी घ्या. मला पुस्तक कळलं होतं, हिला न कळणारा पोरगा कळतो. लिहून घेतलंत? ...आभार कसले. ठेवतो.

ताई : झालं?

सर : झालं.

चिठ्ठी : सर...

सर : रडायचं असेल तर कॉफी बाजूला ठेव, पुस्तकांवर सांडशील. ग्रंथालयाची आहेत ना?

चिठ्ठी : चार माझी आहेत.

ताई : मी जाते बाई. साठ कॉलर वाट बघतायत. पोरी, जेवूनच जा आता. आणि तू, खिडकी लाव आणि तिथेच बस.

सर : बसलोय गं. चिठ्ठी, तिसरा गठ्ठा परत ने. दुसराही ने. माझं पुस्तकसुद्धा ने, घरात असलं की मी त्याच्याकडे बघत बसतो.

चिठ्ठी : आणि पहिल्यातली तिन्ही ठेवू?

सर : एका वेळी एकच म्हणालीस ना.

चिठ्ठी : मग हे बारकं ठेवते. दर गुरुवारी वर्ग संपला की येईन. आज सुरुवात करायची? मी वाचते, तुम्ही ऐका. पहिलं प्रकरण तीनच पानांचं आहे.

सर : नको. इकडे दे. मी वाचतो. चुकलो तर लगेच सांगू नकोस.